लॉगिनला वीस सेकंद? सर्व्हरला हात लावण्याआधीची तयारी

सांगलीच्या मार्केट यार्डातली अडत पेढी असो की विट्यातल्या पतसंस्थेची शाखा, तक्रार एकाच शब्दांत येते: "साहेब, सर्व्हर लई स्लो झालाय." लगेच रॅमचं कोटेशन काढू नका. आधी एवढंच विचारा, काम हळू चालतं की आत शिरायलाच वेळ लागतो? आत सगळं सुसाट आणि अडतं फक्त एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरवर कमांड चालवायची सोय) लॉगिनलाच, असं असेल तर संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव सांगणाऱ्या यंत्रणेवर घ्या. बाहेरची लाइन गेली की ऑफिसातल्या ऑफिसातही लॉगिन रखडतं म्हणाले, तर संशय जवळजवळ पक्का.

हळदीचे सौदे चालू असताना जाऊ नका, संध्याकाळची वेळ मागून घ्या. रूटचा (सर्व्हरच्या मुख्य खात्याचा) पासवर्ड, राउटरचा पासवर्ड आणि ज्या मशीनवरून त्रास होतो तिचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) आधीच लिहून घ्या. सर्व्हरला थेट मॉनिटर-कीबोर्ड लावता येतो ना, हेही बघा. एसएसएच बिघडलं तर तोच एक रस्ता उरतो. आणि इंटरनेट कंपनी मध्यंतरी बदलली का, हे विचाराच. नवा राउटर भिंतीवर चढतो, पण सर्व्हरच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलमध्ये (डीएनएस कुणाला विचारायचं ते इथं लिहिलेलं असतं) जुन्या कंपनीचे डीएनएस पत्ते तसेच राहतात. ते उत्तर देत नाहीत आणि सर्व्हर वाट बघत बसतो.

किती वाट बघतो याचा हिशेब जाण्याआधीच डोक्यात ठेवा. लिनक्सवर मुळात एका प्रश्नाला 5 सेकंद आणि 2 प्रयत्न ठरलेले असतात. पत्ता एकच आणि तोही बंद, तर 10 सेकंद. पत्ते दोन आणि दोन्ही बंद, तर 20. घड्याळ लावल्यावर असे ठरावीक आकडे पुन्हा पुन्हा आले, तर मशीन दमलेलं नाही, कुणाच्या तरी उत्तरासाठी थांबलेलं आहे.

मोजायचं ते आयपी टाकून एकदा आणि नाव टाकून एकदा. फक्त नावानं उशीर होत असेल तर दोष बहुधा तुमच्या बाजूच्या मशीनचा. दोन्हींनी होत असेल तर बहुधा सर्व्हर तुमच्या आयपीवरून तुमचं नाव शोधतोय, म्हणजे उलटी चौकशी. एसएसएचच्या कमांडला तीन व्ही (-vvv) लावून चालवा, म्हणजे ते प्रत्येक पायरी छापतं, आणि कुठल्या ओळीवर थांबतं ते बघा. जीएसएसएपीआयच्या (पासवर्डाऐवजी ओळख पटवायची एक पद्धत) ओळीवर थांबलं, तर क्लायंटवर, म्हणजे तुमच्या मशीनवर तेवढंच बंद करून पुन्हा मोजा. पासवर्ड दिल्यानंतर अडत असेल तर स्वागत-संदेशाच्या स्क्रिप्ट आणि पॅमही (लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा) तपासा. दर वेळी डीएनएसच्याच मागे लागू नये.

उलटी चौकशी तपासायला बरेच जण डिग ही कमांड वापरतात. पण डिग होस्ट्स फाइल (मशीनवरचीच आयपी आणि नावांची यादी) बघतच नाही, सर्व्हर मात्र बघतो. म्हणून गेटएंट ही कमांड वापरा, ती दोन्ही बघते. त्याहून खात्रीचं म्हणजे सर्व्हरवर टीसीपीडम्पनं (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारी कमांड) 53 नंबरचा, म्हणजे डीएनएसचा पोर्ट ऐकत बसायचं आणि दुसऱ्याला लॉगिन करायला सांगायचं. त्याच्या आयपीचे आकडे उलट्या क्रमानं लिहिलेली चौकशी दिसली आणि उत्तर आलं नाही, तर चोर सापडला.

उपाय म्हणून जो तो सर्व्हरच्या एसएसएच सेटिंगमधलं यूझडीएनएस (आलेल्या मशीनचं नाव डीएनएसला विचारायचं का) 'नो' करायला सांगतो. ओपनएसएसएचच्या (लिनक्सवर एसएसएच चालवणारा नेहमीचा प्रोग्राम) 6.8 आवृत्तीपासून, म्हणजे 2015 पासून, ते मुळातच 'नो' असतं. त्यामुळे हा इलाज बहुधा जुन्या मशीनवरच लागू पडतो. तसं करण्याआधी अलाउयूझर्समध्ये (कुणाला आत घ्यायचं ती यादी) किंवा ऑथराइझ्ड कीजच्या (लॉगिनच्या किल्ल्यांची फाइल) 'फ्रॉम'मध्ये होस्टची, म्हणजे मशीनची नावं लिहिलीत का बघा. असतील तर त्या लोकांना दार बंद होईल. माझं मत विचाराल तर आधी मेलेला पत्ता काढून चालू डीएनएस भरा आणि शाखेतल्या मशीनची नावं होस्ट्स फाइलमध्ये टाका. नुसतं 'नो' करून निघालात तर तोच मेलेला पत्ता उद्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या कनेक्शनला आडवा येईल.

बदल केल्यावर सेटिंग तपासून घ्या, एसएसएचची सेवा रीलोड करा, पण चालू खिडकी बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन झालं, वेळ मोजली, की मग ती बंद करा.