घरात 'यंग इंडिया'ची जुनी रेकॉर्ड सापडली तर तिचा इतिहास कसा शोधायचा

आजोबांच्या ट्रंकेत ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी, लाखेची जुनी) तबकडी निघाली आणि लेबलवर 'यंग इंडिया' असं दिसलं तर प्लीज भंगारात देऊ नका. ही आपल्या मुंबईची कंपनी, नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, १९३५ ते १९५५ चालली, तेही एचएमव्हीसारखी बलाढ्य ब्रिटिश कंपनी समोर असताना. मला या लेबलचं फार अप्रूप आहे.

आधी पुसायला घेऊ नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, लेबल नीट वाचता येईल असे. गायकाचं नाव, राग, नाटक किंवा पिक्चरचं नाव, कॅटलॉग नंबर (कंपनीच्या विक्रीच्या यादीतला), सगळं जसंच्या तसं उतरवून घ्या, स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी सुधारू नका. मग टॉर्च आडवा धरून लेबलच्या कडेची गुळगुळीत जागा बघा, तिथे लाखेत उमटलेला नंबर दिसतो, तो मॅट्रिक्स नंबर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचा. कॅटलॉग नंबर वेगळा आणि हा वेगळा, दोन्ही लिहा.

साल बहुतेक वेळा छापलेलंच नसतं. त्यावर उपाय म्हणजे त्याच लेबलची पिक्चरच्या गाण्याची रेकॉर्ड शोधायची, पिक्चर कधी आला ते कळतं, मग त्याच सिरीजमधले आसपासचे नंबर साधारण त्याच काळातले धरायचे. अंदाजच आहे हा, म्हणून सालापुढे 'सुमारे' लिहाच.

ताडून बघायला ब्रिटिश लायब्ररीच्या एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅमच्या (नष्ट होऊ शकणारा जुना ठेवा जपणारा उपक्रम) वेबसाइटवर जा, या लेबलच्या रेकॉर्ड्स तिथे डिजिटाइझ झाल्यात. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स मुंबईत १९९० ला सुरू झाली, त्यांच्या 'द रेकॉर्ड न्यूज'चे जुने अंकही चाळा.

साफ करताना स्पिरिट, सॅनिटायझर अजिबात नको, लाख विरघळते आणि मग गाणं गेलंच! मऊ कापड, अगदी थोडं डिस्टिल्ड वॉटर, लेबल कोरडं ठेवून, बस. वाजवायची तर ७८ ची जाड सुई लावूनच, एलपीची (नंतर आलेल्या, बारीक खाचांच्या रेकॉर्डची) सुई त्या खाचेत नीट बसत नाही.

आणि कागदी कव्हर फाटकं असलं तरी ठेवा हं. ते दुसऱ्याच कंपनीचं असू शकतं, पण त्यावर दुकानाचा शिक्का असेल तर रेकॉर्ड कुठल्या गावात विकली गेली हे कळतं, आणि ही माहिती लेबलवर सहसा नसते.