लिस्ट की सेट? घड्याळ लावण्याआधी

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एखादी गोष्ट शोधायला लिस्ट (क्रमाने लावलेली यादी) वेगवान की सेट (क्रम नसलेला संच), हे पहिल्यांदा मोजायला बसलो तेव्हा दोघे जवळजवळ बरोबरीत सुटले. 0 ते 99,999 हे आकडे दोन्हीकडे भरले होते आणि शोधत होतो 0. लिस्टमध्ये तो पहिल्याच घरात बसलेला! एका तुलनेत काम खलास. मग उणे 1 शोधला, जो कुठेच नव्हता. लिस्टला लाखभर तुलना कराव्या लागल्या. सेट हॅश (आकड्याची जागा ठरवायला त्याच्यावरूनच काढलेली संख्या) काढून थेट जागेवर गेला आणि ‘नाही’ म्हणून मोकळा झाला. तेव्हापासून मी तीन शोध घेतो: पहिला, शेवटचा आणि नसलेला.

मोजायला पायथनसोबतच येणारं टाइमइट (timeit) हे वेळ मोजायचं साधन घ्या. काही सांगितलं नाही, तर ते तुमची ओळ 10 लाख वेळा चालवतं. सेटला हे चालतं. लिस्टमध्ये शेवटचा आकडा शोधताना मात्र फेऱ्या 1,000 वर आणा, नाहीतर वाट बघत बसाल. मग एकूण वेळेला फेऱ्यांनी भागा.

सगळ्यात जास्त घोळ तयारीत होतो. लिस्टवरून सेट बनवायची ओळ सेटअपमध्ये, म्हणजे मोजणीआधी चालणाऱ्या तयारीच्या भागात टाका. ती मोजायच्या ओळीत राहिली, तर दर फेरीला लाखभर आकडे नव्याने हॅश होतात आणि बिचारा सेट लिस्टपेक्षा मठ्ठ दिसतो. अर्थात, तुमच्या खऱ्या प्रोग्राममध्ये एकदाच शोधायचं असेल, तर सेट बांधायचा खर्चही धरायलाच हवा. तिथे लिस्टच बरी.

टाइमइटचं रिपीट, म्हणजे सगळी मोजणी पुन्हा पुन्हा करणारं फंक्शन वापरलंत की वेळेचे 5 आकडे मिळतात. सरासरी काढू नका, सर्वांत लहान घ्या. बाकीचे बहुधा मशीनवरच्या दुसऱ्या कामांमुळे फुगलेले असतात.

लिस्ट आणि डेकची (deque, दोन्ही टोकांनी घटक घालता-काढता येणारी रांग) तुलना करताना वेगळीच अडचण येते. पुढून घटक काढत राहिलात, तर फेऱ्या संपायच्या आत माल संपतो आणि एरर येते. म्हणून पुढून काढलेला घटक त्याच ओळीत मागे जोडा, लांबी तेवढीच राहते. इथे डेक सहज जिंकतो, कारण लिस्टला दर वेळी उरलेले सगळे घटक एकेक घर पुढे सरकवावे लागतात. क्रमांकाने घटक वाचण्यात मात्र डेक मार खातो. फक्त मोजताना क्रमांक मधला द्या. टोकाचा दिलात, तर माझ्या त्या 0 सारखंच होईल.