मोठ्या टीव्हीवर एसडी चॅनेल धुरकट दिसतंय? आधी हे करून बघा

मावशीने ऐरोलीच्या घरी ४३ इंची फुल एचडी टीव्ही घेतला आणि चौथ्या दिवशी तिचा फोन आला, "अरे, याच्यापेक्षा माझा जुना डबा बरा होता. सगळ्यांची तोंडं मेणाची दिसतायत."

तिचं काही चुकत नव्हतं. आपल्याकडचं एसडी, म्हणजे एचडी नसलेलं साधं चॅनेल जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं चित्र पाठवतं. पिक्चर ट्यूबचा टीव्ही त्याच मापासाठी बनलेला, त्यात पडदा जेमतेम २१ इंचांचा. नव्या पडद्यावर ठिपके १९२० बाय १०८०, म्हणजे बरोबर ५ पट. आलेल्या एका ठिपक्यामागे ४ ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. फोर-के असेल तर १९. जे आलंच नाही ते कुठलंही सेटिंग आणू शकत नाही. पण टीव्ही त्यावर आपल्या मनाने जो मेकअप चढवतो तो उतरवता येतो. शनिवारी तिच्याकडे रिमोट घेऊन बसलो ते मुख्यतः गोष्टी बंद करायला.

त्याआधी एक साधी तपासणी. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांची एचडी चॅनेल वेगळ्या नंबरवर असतात. पॅकमध्ये एचडीचे पैसे भरायचे आणि सवयीने जुनाच नंबर दाबायचा, असं बऱ्याच घरांत चालतं. तसं असेल तर नंबर बदला, काम झालं.

मग टीव्हीच्या मागे हात घाला. सेट-टॉप बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी जोडलेला असेल, तर चित्राचा उजेड आणि रंग एकाच पिवळ्या वायरीतून एकमेकांत मिसळून येतात. अक्षरांच्या कडांना मुंग्या चालल्यासारखं दिसतं ते यामुळे. बॉक्सला एचडीएमआय असेल तर तीच केबल लावा, साधी चालते. सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल दुकानदार पुढे करेल; घरातल्या दीड मीटरच्या जोडणीत तिने चित्रात काडीचा फरक पडत नाही. बॉक्सला एचडीएमआय नसेल, तर एव्हीचं (म्हणजे त्या तीन पिनांचं) एचडीएमआय करणारी डबी घेऊ नका. मिसळलेला रंग ती धड वेगळा करत नाही. त्यापेक्षा ऑपरेटरकडून बॉक्स बदलून घ्या. एचडी बॉक्सवर एसडी चॅनेलही जास्त स्वच्छ दिसतं.

आता बॉक्सच्या मेनूत जाऊन आउटपुट रिझोल्यूशन शोधा. ५७६पी आणि १०८०आय, दोन्हींवर एकच चॅनेल ५-५ मिनिटं बघा. पहिल्यात चित्र मोठं करण्याचं काम टीव्ही करतो, दुसऱ्यात बॉक्स. चांगल्या टीव्हीला हे काम बॉक्सपेक्षा बरं जमतं, पण डोळ्यांना पटेल तेच ठेवा. मावशीकडे ५७६पी जिंकलं.

चित्राचा आकार तपासायला मालिकेतल्या नायिकेची गोल टिकली बघा. ती आडवी अंडाकृती दिसत असेल तर चित्र ताणलंय. बॉक्स १६:९ वर, म्हणजे रुंद पडद्याच्या मापावर ठेवा आणि टीव्हीतलं झूम काढा. जुना ४:३, म्हणजे चौकोनाच्या जवळचा कार्यक्रम असेल तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. पट्टे बघून "पैसे दिलेत पूर्ण पडद्याचे" असं काका म्हणाले खरे, पण चित्र ताणलं की चेहरे फुगतात आणि झूम केलं की डोकी कापली जातात.

खरा फरक पडतो तो टीव्हीच्या पिक्चर मेनूत. शोरूममधला भडक 'व्हिव्हिड' मोड काढून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' घ्या. मग शार्पनेस. नावावरून वाटतं, वाढवला की चित्र रेखीव होईल. होतं उलटंच: टीव्ही प्रत्येक कडेला एक पांढरी रेघ ओढतो आणि एसडीतले चौकोनी डागही ठळक करतो. शून्याकडे न्या, मग चित्र फारच मऊ वाटलं तर एक-दोन घरं वर आणा. चित्रातली खरखर पुसणारं नॉईज रिडक्शन 'लो'वर ठेवा; 'हाय' केलं की त्वचेचा पोत पुसला जातो, मावशीची मेणाची तोंडं तिथूनच आली होती. एमपीईजी नॉईज रिडक्शन वेगळं असेल तर ते मात्र चालू ठेवा, चौकोन थोडे विरतात. हालचाल नको इतकी गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद. कलर टेम्परेचर 'वॉर्म'. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो. बऱ्याच टीव्हींत ही सेटिंग्ज प्रत्येक पोर्टसाठी वेगळी साठतात, म्हणून बॉक्स ज्या एचडीएमआयवर आहे तिथेच बदला आणि शेवटी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नातवंडं रिमोटशी खेळतातच.

पावसाळ्यात चित्र तुटत असेल, चौकोन होऊन थिजत असेल, तर त्याचा या सगळ्याशी संबंध नाही. तो सिग्नलचा प्रश्न. गच्चीवरच्या वायरीचा गंजलेला कनेक्टर बदलून घ्या.

राहिलं अंतर. ४३ इंची पडद्यावर एसडी बघायला साधारण १० फूट लागतात. मावशीचा हॉल ११ फुटांचा, आणि दिवाण बरोबर मधोमध. काकांनी आणि मी तो उचलून मागच्या भिंतीला लावला. ७ च्या मालिकेला मावशीने पुन्हा तक्रार केली, पण या वेळी नायिकेच्या साडीबद्दल.