धनुष्य बनवताना बांबूची साल तासू नका

पाटणकडं बांबूला तोटा नाही, पण धनुष्य करायला घेतलं की बरेच जण पहिल्यांदा वरची चकचकीत सालच तासून काढतात. अहो तीच तर खरी ताकद, ओढताना ताण तिथंच येतो, म्हणून ती बाजू निशाण्याकडं ठेवायची आणि खरवडायचं फक्त आतून, काचेच्या तुकड्यानं, पातळ भुस्सा पडेल इतकंच. मधे मधे दोरी लावून हळूहळू ओढून बघा, जी बाजू ताठ राहतीय तिथंच परत घासा, घाई अजिबात नको, दोन्हीकडची वाक सारखी आली की बघायला काय भारी वाटतं! बाण न लावता दोरी सोडू नका, कांब तडकते. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, निशाणा कडब्याच्या पेंढीवरच धरा.