पुल्चिनेल्ला काढायचा तर पाठीकडून

पुल्चिनेल्ला म्हणजे इटलीतल्या नेपल्सकडचा सोंगाड्या. पाठीला कुबड, पुढे पोट, अंगात ढगळ पांढरे कपडे आणि तोंडावर बाकदार नाकाचा काळा अर्धा मुखवटा. १७९७ साली व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडालं. त्याच सुमारास तिथल्या दोमेनिको त्येपोलोने, सत्तरीत, या प्राण्याची १०४ चित्रं करायला घेतली. त्यातल्या एकात तर तो टर्कीच्या अंड्यातून बाहेर येतो!

आधी पेन्सिलीने अगदी फिकट आकार मांडा. टोपी उंच, वर किंचित निमुळती ठेवा. टोकदार केलीत की सर्कशीतला जोकर झाला. मग टाक आणि तपकिरी शाई. रेघ एका दमात ओढू नका. दोमेनिकोची रेघ थरथरते, तुटते, म्हणून तर कपडे ढगळ वाटतात. कपड्यांना रंग द्यायचाच नाही, पांढरा तो कागदाचाच. घड्यांत आणि कुबडाखाली तेवढी पातळ शाई कुंचल्याने फिरवायची.

शाई वॉटरप्रूफच घ्या. माझ्या पहिल्या चित्रावर ओला कुंचला फिरवला आणि सगळं नाक हनुवटीत उतरलं. दुसरं म्हणजे आमचं भुसावळ. मे महिन्यात शाई टाकावरच वाळते आणि कुंचल्याचा हात कागदावर पसरायच्या आत डाग धरतो. मी पहाटे बसतो, आणि छाया द्यायची जागा आधी साध्या पाण्याने ओलसर करून घेतो.

आता हसू कुठून आणायचं? मुखवट्यामुळे चेहरा गप्प असतो, म्हणून मी निम्मे पुल्चिनेल्ले पाठमोरेच काढतो. कुबड, वाकलेली मान, फाकलेले पाय बोलतात. आणि एकटा काढू नका. सारखेच दहा जण साध्या कामात गुंतलेले दिसले की गंमत येते. त्येपोलोंच्या चित्रांत ते न्योकी, म्हणजे पिठाचे उकडलेले छोटे गोळे, शिजवून खातात. मी त्यांना शेतात भरीत पार्टीला बसवलं. एक काड्यांच्या जाळावर वांगं भाजतोय, दुसरा फुंकताना टोपीच जाळात घालतोय, तिसरा बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचतोय आणि त्याचं नाक मुसळीच्या आधी भरतात पोचतंय.

बायकोने पाहिलं. म्हणाली, "एवढ्या पोटांना एकच वांगं?"

कोपऱ्यात जागा होती. पोतं काढलं.