मोनो कार्ट्रिज घेताय? आधी आर्मचं गणित बघा

मोनो कार्ट्रिज, म्हणजे रेकॉर्डवर टेकणारी सुई जिच्यात बसते ती छोटी डबी, कुठली घ्यावी हे सगळे विचारतात, पण आपल्या टर्नटेबलचा आर्म, म्हणजे ती डबी धरणारी दांडी, ती पेलणार का हे फारसं कोणी विचारत नाही, आणि गडबड नेमकी तिथेच होते. आपल्या इंदूरच्या जुन्या घरांमधून अजूनही अमीर खाँसाहेबांच्या वगैरे साठच्या दशकातल्या एलपी निघतात, त्यातल्या बऱ्याच मोनो. कव्हरवर नंबर ईएएलपी किंवा ईसीएलपीने सुरू होत असेल तर मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ, एवढं बघितलं तरी गठ्ठा निम्मा वेगळा होतो.

मोनो खाचेत आवाज फक्त आडवा कोरलेला असतो, सुई डावी-उजवीकडे हलते तेवढंच गाणं. वर-खाली जे काही हलतं ते गाणं नाहीच, धूळ, ओरखडे, मोटरची घरघर असला कचरा असतो तो. स्टिरिओ कार्ट्रिज इमानदारीत दोन्ही वाचते, मोनो कार्ट्रिज फक्त आडवं वाचते, म्हणून खरखर एकदम खाली येते आणि गायक दोन स्पीकरच्या बरोब्बर मधे उभा राहतो. आता खरं सांगायचं तर तुमच्या अँपवर मोनोचं बटण असेल तर यातलं बरंचसं काम ते फुकटात करतं, कारण डावं-उजवं एकत्र केलं की वर-खालीचा भाग आपोआप कटतो. मोनो रेकॉर्ड चार-पाचच असतील तर आधी ते बटण दाबून ऐका, कार्ट्रिजचे पैसे वाचवा आणि त्यात रेकॉर्डच घ्या. गठ्ठा मोठा असेल तर पुढे वाचा.

आर्मचं इफेक्टिव्ह मास, म्हणजे हलताना सुईला जाणवणारं त्याचं वजन, आणि कार्ट्रिजचा कम्प्लायन्स, म्हणजे सुईची दांडी किती सैल आहे ते, या दोघांची मिळून एक नैसर्गिक थरथर ठरते, ती साधारण ८ ते १२ हर्ट्झच्या मधे पडायला हवी. त्याच्या बरंच खाली गेली तर वाकड्या रेकॉर्डवर आर्म डोलायला लागतो, आणि मे महिन्यात माळवदाखालच्या खोलीत ठेवलेल्या रेकॉर्ड वाकड्या नसतील तरच नवल, त्यामुळे हे आपल्याला पुण्या-मुंबईपेक्षा जास्त नडतं. फार वर गेली तर बास फुगतो. हिशोब असा: आर्मचं इफेक्टिव्ह मास, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन यांची बेरीज ग्रॅममध्ये, तिला कम्प्लायन्सने गुणा, वर्गमूळ काढा, आणि १५९ ला त्याने भागा.

समजा टर्नटेबल टेक्निक्स एसएल-१२०० आहे, त्याच्या आर्मचं इफेक्टिव्ह मास हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाचा कार्ट्रिज बसवायचा तुकडा, धरून १२ ग्रॅम. त्यावर ऑर्टोफॉन २एम मोनो, वजन ७.२ ग्रॅम, कम्प्लायन्स २०. स्क्रूंचा एक ग्रॅम धरला तर २०.२ गुणिले २० म्हणजे ४०४, वर्गमूळ २०.१, उत्तर ७.९ हर्ट्झ. काठावर आहे पण चालतं. हीच कार्ट्रिज एखाद्या २०-२५ ग्रॅमच्या जुन्या जड आर्मवर लावली तर सरळ साडेसहाच्या आसपास घसरते, आणि तिथे मी तरी ती लावणार नाही.

इथे एक फसवाफसवी आहे ती लक्षात ठेवा. जपानी कंपन्या कम्प्लायन्सचा आकडा बरेचदा १०० हर्ट्झवर मोजून देतात आणि आपला हिशोब १० हर्ट्झच्या आसपासचा, त्यामुळे तो आकडा दीड ते दोनपट करून घ्यायचा. डेनॉन डीएल-१०३ ही स्टिरिओ आहे पण उदाहरणाला घेऊ, कागदावर कम्प्लायन्स ५, वजन ८.५, तर त्याच टेक्निक्सवर तसाच हिशोब केला की १५ च्या वर उत्तर येतं आणि माणूस घाबरून बेत रद्द करतो. ५ चे ९ धरले की साडेअकराच्या आत येतं आणि मजेत चालतं.

मग वजनाचा प्रश्न. डेनॉनची डीएल-१०२ ही खरी मोनो, पण वजन १३ ग्रॅम आणि सुईचा दाब ३ ग्रॅम, म्हणजे मागचं काउंटरवेट तेवढं खेचू शकलं पाहिजे. १२०० च्या जुन्या मॉडेलला मागे जादा वजन लावायची सोय आहे ती अशाच वेळी कामाला येते. मॅन्युअलमध्ये कार्ट्रिजच्या वजनाची रेंज दिलेली असते, ती बघितल्याशिवाय ऑर्डर टाकू नका भिया. आणि ते जुने सुटकेससारखे प्लेयर असतात ना सिरॅमिक कार्ट्रिजवाले, त्यांच्यावर यातलं काहीही लावायच्या भानगडीत पडू नका.

उंची पण बघा. रेगा कंपनीच्या टर्नटेबलच्या आर्मला वर-खाली करायची सोय नसते आणि ऑर्टोफॉन २एम रेगाच्या स्वतःच्या कार्ट्रिजपेक्षा उंच, म्हणून आर्मच्या बुडाखाली २ मिलिमीटरचा स्पेसर टाकावा लागतो. रेकॉर्डवर सुई टेकली असताना आर्मची नळी बाजूने आडवी सरळ दिसली पाहिजे, बस.

लावताना हेडशेलमधल्या चार वायरी: पांढरी आणि निळी डाव्या चॅनलची, लाल आणि हिरवी उजव्या. चार पिनांची मोनो असेल तर नेहमीसारखी जोडा. डीएल-१०२ ला दोनच पिना आहेत, तिथे पांढरी आणि लाल दोन्ही प्लसवर, आणि मायनसवर निळी किंवा हिरवी यातली एकच, दुसरी टेप लावून मोकळी सोडा. दोन्ही जोडल्या तर ग्राउंडचा लूप होतो आणि हूं असा हम सुरू. चार पिनांच्या कार्ट्रिजमध्येही आतून दोन्ही चॅनल जोडलेले असतात कधीकधी, हम आला तर तिथेही एक मायनस काढून बघा. त्याआधी मात्र घराचं अर्थिंग तपासा, राजवाड्याकडच्या जुन्या घरांमध्ये तीन पिनांचा सॉकेट असतो पण मागे अर्थची वायरच नसते, आणि मग बिचाऱ्या कार्ट्रिजला दोष.

सुई कुठे टेकते ते प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे रेषा आखलेल्या मापपट्टीवर, जुळवा, बेअरवाल्ड पद्धतीत तबकडीच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर कार्ट्रिज रेषेत दिसली पाहिजे. टेक्निक्सवाल्यांनी हेडशेलच्या रबर वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर ठेवलं तरी कंपनीच्या हिशोबात बसतं. दाब मोजायला सराफ्यातल्या सोनारांकडचा छोटा वजनकाटा आणायची आयडिया इथे सगळ्यांनाच सुचते, पण तो उंच असतो, त्यावर टेकवलं की आर्म वर उचलला जातो आणि आकडा हलतो. रेकॉर्डच्या उंचीवर मोजणारा सुईचा गेजच घ्या. २एम मोनोला १.८ ग्रॅम, अँटिस्केट, म्हणजे आर्म आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणूनचा उलटा ताण, साधारण तेवढंच, मग कानाने थोडं इकडेतिकडे.

दोन धोक्याच्या गोष्टी. पन्नासच्या दशकातली सेकंडहँड मोनो कार्ट्रिज मिळाली तर तिने स्टिरिओ रेकॉर्ड वाजवू नका, त्यातल्या बऱ्याच कार्ट्रिजची सुई वर-खाली वाकतच नाही आणि खाच खरवडून काढते. नव्या बहुतेक मोनो कार्ट्रिज दोन्हीवर चालतात, तरी मॅन्युअल बघा. आणि लाखेच्या ७८ च्या तबकड्यांवर ही सुई चालवायची नाही, एलपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची, ७८ ला ६५ च्या पुढची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खडखड करते, ७८ साठी वेगळीच कार्ट्रिज.

हेडशेल काढता येत असेल तर दुसरा हेडशेल घेऊन मोनो त्यावर कायमची लावून टाका, आणि त्यावर पेन्सिलने दाब, काउंटरवेटचा आकडा आणि आर्मची उंची लिहून ठेवा, म्हणजे स्टिरिओवरून मोनोवर यायला दोन मिनिटं पुरतात.