हुडहुडी भरली की आधी ड्रिप थांबवा

केमो डे-केअरला माझी बदली झाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. लिम्फोमाच्या (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) एका मावशींना रिटुक्सिमॅब या औषधाचा पहिला डोस ड्रिपमधून चालू होता. तासाभराने त्या म्हणाल्या, "सिस्टर, थंडी वाजतेय." मी एसी बंद केला, ब्लँकेट दिलं. पाच मिनिटांनी दुसरं दिलं. तोवर दातांवर दात आपटत होते, पलंग खडखडत होता आणि औषध तसंच आत जात होतं. इन्चार्ज सिस्टर धावत आल्या, त्यांचा हात पहिल्यांदा पंपाकडे गेला. डे-केअरला नव्याने येणाऱ्या मुलींसाठी हे लिहितेय ते त्या पाच मिनिटांमुळे.

रिटुक्सिमॅब बी पेशींवरच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सीडी२० या प्रथिनाला चिकटतं. पेशी नष्ट होताना सायटोकाइन्स, म्हणजे पेशींचे संदेश देणारे पदार्थ, रक्तात येतात, मेंदूतला तापमानाचा काटा वर सरकतो आणि तिथवर पोचायला शरीर स्नायू थरथरवतं. म्हणून हुडहुडी आधी, ताप मागून. कपाळ गार लागलं म्हणून निर्धास्त राहू नका. हे बहुतेक पहिल्याच डोसला, पहिल्या अर्ध्या ते दोन तासांत होतं. त्यासाठीच पहिला डोस ताशी ५० मिग्रॅने सुरू करून दर अर्ध्या तासाला ५० ने वाढवतात, ताशी ४०० च्या पुढे नेत नाहीत. पॅरासिटामॉल, एव्हिल (ॲलर्जीचं औषध) आधी दिलेलं असूनही काहींना थंडी भरतेच.

डॉक्टरांनी पेथिडिन २५ मिग्रॅ सांगितलं तेव्हा मला कळेना. मावशींना तर कुठे दुखत नव्हतं! पेथिडिन अफूच्याच गटातलं वेदनाशामक, पण इथे त्याचं काम वेगळं. शरीर ज्या तापमानाला कापायला लागतं ती पातळीच ते खाली आणतं, आणि हा गुण त्यात मॉर्फिनपेक्षा ठळक आहे. ताप त्याने उतरत नाही, कापरं थांबतं. सलाइनमध्ये पातळ करून सावकाश दिलं आणि काही मिनिटांत मावशींचा जबडा सैल पडला. थरथरताना शरीराला प्राणवायू कित्येक पटींनी जास्त लागतो, त्यामुळे हृदयाच्या पेशंटला हा नुसता त्रास नसतो, धोका असतो.

मात्र पेथिडिनआधी पेशंट नीट बघा. अंगावर गांधी (पित्तासारखे फोड), घशात आवळल्यासारखं, छातीत घरघर, बीपी खाली, यांतलं काही दिसलं तर गोष्ट वेगळी. ॲनाफिलॅक्सिसला, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीला, मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलिनच हवं, लगेच. बीपी हाताने घ्या, कापऱ्या हातावर मशीन आणि ऑक्सिमीटर दोन्ही फसवतात. आणि पोर्ट (औषध द्यायला कातडीखाली बसवलेली नळी) सलाइनने फ्लश केल्या केल्या हुडहुडी भरली तर औषधाला दोष देण्याआधी लाइनच्या इन्फेक्शनचा विचार करा, डॉक्टरांना रक्ताच्या कल्चरबद्दल (जंतू शोधायच्या तपासणीबद्दल) विचारा.

किडनी अधू असेल किंवा फिट्स येत असतील तर पेथिडिन देण्याआधीच डॉक्टरांना सांगा. पेथिडिनपासून बनणारा नॉरपेथिडिन साचला की झटके येतात. लिनेझोलिड (एक अँटिबायोटिक) किंवा डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर पेथिडिन धोक्याचं ठरू शकतं, म्हणून त्या चालू आहेत का, हे सकाळी हिस्टरी घेतानाच विचारून ठेवा. कापरं थांबलं की पेशंट गुंगतो, त्यात एव्हिलचीही झोप असते. तेव्हा जवळ बसून श्वास मोजा. पेथिडिनचा उतारा असलेलं नॅलोक्सोन ट्रेमध्ये हवंच.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो कुलपात. पेथिडिन एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली येतं, डबल लॉकमध्ये असतं, एक चावी कुणाकडे तरी आणि ते कुणीतरी जेवायला गेलेलं. पहिला डोस लागणार असेल त्या दिवशी मी सकाळीच चावी कुणाकडे आहे ते विचारते आणि गरज पडली तर काय द्यायचं, याची लेखी ऑर्डर घेऊन ठेवते. ५० मिग्रॅचा अँप्युल फोडून २५ दिलं तर उरलेलं साक्षीदारासमोर टाकायचं आणि रजिस्टरवर दोघींच्या सह्या. घाईत नेमकं हेच राहतं.

मावशींची ड्रिप थंडी पूर्ण ओसरल्यावर निम्म्या वेगाने पुन्हा सुरू केली आणि ती संपेपर्यंत संध्याकाळ झाली. पुढच्या सायकलला त्या घरून गोधडी घेऊन आल्या होत्या. त्या दिवशी ती लागली नाही.